आई झोपली आहे

१२ जुलै २०२४
'आयदर' बोटीवरून, ग्रीनलंडचा ईशान्य किनारा

दादा,

तुझा मेसेज मिळाला. "आई बरी आहे. झोपली आहे." गेल्या आठवड्यातला मेसेजही हाच होता आणि त्याच्या आधीचाही. आई दिवसाउजेडी झोपणारी बाई नव्हे. बाबा गेले त्या दिवसांतसुद्धा ती दुपारची आडवी झाली नव्हती; मागच्या दारी बसून सुके बांगडे निवडत होती. म्हणून विचारते, आई कुठे आहे?

लगेच चिडू नकोस. हे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. बोटीचं इंटरनेट शास्त्रज्ञांच्या मोजमापांसाठी राखलेलं आहे, आम्हाला त्यातला चिमूटभर वाटा मिळतो. फोन लागत नाही, पण एखादा फोटो रांगत रांगत जातो. टाइप करून पाठवलं की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस. हाताचं अक्षर बघून तरी पुरतं वाचशील.

दोन वर्षं आपण धड बोललेलो नाही. बाबांच्या बाराव्याला पाहुण्यांच्या देखत तू म्हणालास, "घर सोडून गेलेल्याक घरातला काय होया?" मी ताटावरून उठले आणि थेट विमानतळावर गेले. त्यानंतर आपल्यात जे काही आहे ते आईच्या तब्येतीपुरतं. मग तेवढं तरी खरं असू दे.

गावात, मोरजीत, तू लोकांना सांगतोस, "भयण बोटीर आसा," आणि ऐकणाऱ्याला वाटतं मी कुठल्यातरी क्रूझवर जेवण वाढते. मी या बोटीची नॅव्हिगेटर आहे. बोट कुठून जाणार, कुठून नाही, ते मी ठरवते आणि कॅप्टनला सांगते. इथली एक हिमनदी गेल्या काही वर्षांत भराभर मागे सरकली आणि तिच्या पोटाखालून एक अख्खा उपसागर उघडा पडला. आपल्या मोरजीपासून हरमलपर्यंतचा किनारा त्यात मावेल. त्याचा नकाशा कुणाकडेच नाही. आमच्या पडद्यावर तिथे नुसतं पांढरं दिसतं. तिथलं पाणी किती खोल, खडक कुठे, बोटी आत जाऊ शकतील की नाही, हे शोधायला आम्ही आलोय. सध्या बाहेर थांबलोय, बर्फ हलायची वाट बघत. सूर्य मावळत नाही. माणसं आपापल्या घड्याळाला विचारून झोपतात.

आईला फोनवर बोलता येत नसेल तर तिचा आवाज रेकॉर्ड करून पाठव. दोन शब्द पुरेत.

हर्षा


२४ जुलै
'आयदर'

दादा,

आवाज मागितला होता, तू फोटो पाठवलास. आई दारातल्या सोप्यावर बसलीय, हिरवी साडी, हातात तांदळाचं सूप. छान आहे. पण तिच्या मागे शेवग्याचं झाड आहे. ते झाड गेल्या वर्षीच्या वादळात कोसळलं. तूच ते तोडून सरपण केलंस असं माझ्या मैत्रिणीने, शेवंतीने, मला तेव्हा कळवलं होतं. मग हा आजचा फोटो कसा?

आता दुसरी गोष्ट. परवा समीक्षा वहिनीचा मेसेज आला: "हर्षा, तुझा रक्तगट कुठलो गो?" मी उत्तर देईपर्यंत तिने तो पुसून टाकला. बोटीचं नेट सुस्त आहे म्हणून मला वाचायला तरी मिळाला. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काय नाय, चुकून तुका गेलो." रक्तगट कुणी चुकून विचारतं का? मी आधी विम्याचा विचार केला. मग वाटलं, कसले कागद करताय तुम्ही माझ्या नावाने?

आणि तिसरी. एप्रिलमध्ये तू स्वतः कळवलं होतंस की दिल्लीचा कुणी माणूस घर शोधतोय, होमस्टे करायचंय त्याला, आणि विकायचं तर बहिणीची सहीही लागणार. मी नाही म्हटलं. तू चिडलास. गेल्या महिन्यात एकदम लिहिलंस, "घराचं राहू दे." दादा, तुला मी लहानपणापासून ओळखते. बाबांच्या होडीचं नवं वल्हं तुला हवं होतं तेव्हा तू सहा महिने त्यांच्या मागे लागला होतास. तू काही सहजासहजी राहू देत नाहीस. एक तर ते झालंय, नाहीतर तू ते माझ्याशिवाय करायची वाट शोधलीयस.

आईचा अंगठा तर नाही ना घेतलास कुठे?

हे लिहिताना मला लाज वाटतेय. तरी लिहिते. कारण लिहिलं नाही तर मी पहाऱ्यावर उभी राहून समोरच्या बर्फाऐवजी आपल्या घराकडे बघत राहीन. ते इथे परवडत नाही.

हर्षा


९ ऑगस्ट
'आयदर', उपसागराच्या आत

दादा,

उत्तर नाही. बरं. आज नागपंचमी. पातोळ्या कुणी केल्या का घरी, हेही विचारत नाही.

इथे काय घडलं ते सांगते, म्हणजे तुला कळेल की मी उगाच संशय घेत नाही.

चार दिवसांपूर्वी वारा फिरला, तोंडावरचा बर्फ बाजूला झाला आणि आम्ही आत शिरलो. आत पाणी इतकं निश्चल की डोंगर उलटे दिसत होते. आमच्याजवळ फक्त एक ओळ होती. दोन वर्षांपूर्वी कुठलीशी एक बोट आत जाऊन आली होती, तिने जाताना मोजलेल्या खोलीची. त्या ओळीच्या दोन्ही बाजूंना पांढरं. कॅप्टन हाल्वोर नॉर्वेचा आहे, या समुद्रात म्हातारा होत आलेला, शांत माणूस. तो म्हणाला, "हर्षा, त्याच ओळीवरून चल. तिथून एक बोट जाऊन आलीय."

मी ती ओळ पाहिली. खोली सगळीकडे जवळजवळ सारखी. हिमनदी जिथे नांगरत गेली त्या तळाला चढउतार असणारच. सारखेपणा मला आवडला नाही.

मी म्हटलं, "कॅप्टन, मला ही ओळ खरी वाटत नाही."

"का?"

"फार गुळगुळीत आहे. यंत्र बंद पडलं असेल आणि कुणीतरी खोलीही आणि वाटही अंदाजाने भरली असेल."

"कुणी असं का करेल?"

"ते मला माहीत नाही. पण मी थांबा म्हणतेय."

शास्त्रज्ञ मागे उभे होते, त्यांचे दिवस वाया चालले होते. एक जण हळूच म्हणाला, ही बाई स्वतःच्या सावलीलाही पासपोर्ट विचारेल. मी ऐकलं. कॅप्टनने बोट थांबवली. आम्ही छोटी बोट पुढे सोडली, खोली मोजत. ती थोडी पुढे गेली आणि आकडे उड्या मारायला लागले. तळ एकदम वर आला. पाण्याखाली खडकाचा सुळका उभा होता, नेमका त्या ओळीवर. त्याचं टोक पाण्याच्या इतकं जवळ की छोट्या बोटीतल्यांना काळसर छाया दिसली. 'आयदर' गेली असती तर तिचं पोट फाटलं असतं. इथल्या पाण्यात पडलेला माणूस वाचवायला कुणी पोचेपर्यंत उरत नाही.

कॅप्टन आत गेला. कॉफीचा कप आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "आता तू सांगशील तसं."

तेव्हापासून आम्ही छोटी बोट पुढे ठेवून इंच इंच जातोय. जो भाग मोजून होतो तो पडद्यावर निळा होतो. जिथे याआधी कुणीच काही लिहिलं नव्हतं तिथे मी पाणी लिहितेय. दादा, याच्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तू हसशील म्हणून.

तू म्हणशील, हर्षाला सगळ्यात खोट दिसते. दिसते. त्याचाच पगार मिळतो मला.

म्हणून परत विचारते. तुझे मेसेजही फार गुळगुळीत आहेत. आई कुठे आहे?

हर्षा


१८ ऑगस्ट
'आयदर'

गौरेश,

'दादा' लिहवत नाही आज.

मी शेवंतीला आपल्या घरी पाठवलं. हो, मीच पाठवलं. कासवांचा हंगाम नाही, त्यामुळे तिची किनाऱ्यावरची अंड्यांच्या पहाऱ्याची ड्युटी सध्या नाही. ती सायकल घेऊन गेली. दाराला कुलूप. तुळस वाळून काडी झालीय. पावसाळ्यात तुळस वाळते कशी, तर ती वळचणीखाली आत घेतलेली आणि कुणी पाणीच घातलेलं नाही. म्हणजे घर कितीतरी दिवस बंद आहे. पोदेराला विचारलं तर तो म्हणाला, त्या दारात मी पाव टाकायचा सोडून महिना उलटला.

तुझी टॅक्सी तुझा मित्र निखिल चालवतोय. तिने त्याला गाठलं. तो म्हणाला, "गौरेशान माका बोलू नको म्हणान सांगलांहा." आणि अक्षयकाकांकडून कळलं की यंदा आपली चवथ त्यांच्याकडे. आपल्या घरात गणपती नाही? बाबा गेले त्या वर्षी सुतक होतं तेवढं सोडलं तर आपला चौरंग कधी रिकामा राहिलेला मला आठवत नाही.

घर विकलंस ना?

आणि आई कुठल्या आश्रमात नेऊन ठेवलीयस की ती नाहीच आता? मी येऊ नये म्हणून लपवलंयस? मी आले तर सही करणार नाही म्हणून? स्पष्ट लिही. आई जिवंत आहे की नाही, एवढंच लिही. एक शब्द.

हर्षा


२३ ऑगस्ट
'आयदर'

दादा,

तुझा एक शब्द आला नाही, म्हणून मी कॅप्टनकडे गेले. अडीअडचणीसाठी असलेला उपग्रह फोन त्याच्या खोलीत कुलपात असतो. मी म्हटलं, "मला माझी आई सापडत नाही." त्याने काही न विचारता कुलूप उघडलं.

मला एकच नंबर पाठ होता, वहिनीच्या माहेरचा, आमोण्याचा जुना लँडलाइन. तुझ्या लग्नात मीच सगळ्यांना वाटला होता. वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला आणि म्हणालं, "कोण तां?"

आई.

ती परत म्हणाली, "कोण बोलता?" मी म्हटलं, "आई, मी." तिने दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "कसा सापडला गे तुका?"

म्हणजे लपवलेलं होतं. तेवढं माझं बरोबर होतं. बाकी सगळं चूक होतं.

मी विचारलं, "तू बरी आहेस?"

"माका काय झालांहा? मी बरी आसंय."

"मग दादा कुठे आहे?"

"रगत साफ करूक गेलोहा. दिवसाआड व्हरतंत."

तिने इतक्या सरळ आवाजात सांगितलं की मला कळायला वेळ लागला. तुझ्या दोन्ही किडन्या गेल्यात. मे महिन्यापासून. डायलिसिस डिचोलीकडे करून घ्यायचं आणि वहिनीच्या माहेरची माणसं ने-आण करतात, म्हणून सगळे आमोण्याला. आई तुला स्वतःची किडनी द्यायला निघाली होती, तर तिच्या साखरेने डॉक्टरांनी तिला परत पाठवलं. वहिनीचा रक्तगट जुळत नाही. आणि माझा कुठला, ते वहिनीला कुणी विचारू दिलं नाही.

"मीच सांगलंय तेंका, हर्षाक कळवू नकात," आई म्हणाली. "तू सगळा सोडून येतलंस. देतलंस. आणि मागीर तुमी दोगां जल्मभर तां एकामेकाच्या तोंडार मारतल्यात. माका तां बघूचां नाय."

मग लाइन तुटली.

माझा रक्तगट ओ आहे, दादा. वहिनीला सांग. ओ कुणालाही चालतो.

मी उतरतेय. किनाऱ्यावर खडी पसरून केलेली एक धावपट्टी आहे, तिथे आठवड्याने लहान विमान येतं. पुढच्या फेरीत माझी जागा धरलीय. उपसागर निम्मा झालाय. कॅप्टन म्हणाला, "तू गेलीस तर उरलेला भाग मी करणार नाही. तुझ्याशिवाय आत राहायची माझी हिंमत नाही." मी म्हटलं, "नका करू." आम्ही दोघांनी पडद्याकडे पाहिलं. डावीकडचा अर्धा निळा, उजवीकडचा पांढरा.

कंपनीने रजा दिली. पुढच्या कामाची काही अडचण नाही, मी विचारून घेतलंय.

हर्षा


११ सप्टेंबर
मोरजी

दादा,

तू आमोण्याला, मी मोरजीला. मधे तासाभराची वाट, आणि मी पुन्हा पत्रच लिहितेय. काय करणार? समोर उभी राहिले तर तू भिंतीकडे तोंड करतोस.

गेल्या आठवड्यात मी आमोण्याला आले तेव्हा तू पडवीत कदेलीवर, जुन्या खुर्चीत, बसला होतास. मी तुला ओळखलं नाही. चेहरा सुजलेला, रंग काळवंडलेला, हातावर सुयांची जागा फुगून आलेली. पुढ्यात भांडंभर पाणी, आणि तू त्यातलं घोट घोट मोजून पीत होतास. मला बघून पहिलं वाक्य काय बोललास? "सही करूक इलंस?"

मी म्हटलं, "नाय. तुका बघूक."

"बघलंस मगे? जा आता."

वहिनी आतून धावत आली, तिने माझी बॅग घेतली. आई पायरीवर तांदूळ निवडत होती, ती उठली नाही. मी म्हटलं, माझा गट जुळतो, मी चाचण्या करून घेते. तू इतका जोरात हसलास की तुला धाप लागली.

"होया कोणाक? उद्या घराची गजाल निघाली की तू पोटाची खूण दाखवतलंस. 'मी तुका जीव दिलंय, तू माका घर दी.' माका जमूचां नाय."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण जहाजावर बसून मी तुझ्याबद्दल जे लिहिलं ते याहून वाईट होतं. आपण दोघे एकाच आईची मुलं आहोत, दुसरं काय!

मग मी विचारलं, "दिल्लीवाल्याक घर दाखयलंस काय नाय?"

तू भिंतीकडे वळलास. मग म्हणालास, "दाखयलंय. मे म्हयन्यात. रिपोर्ट इलो त्या आठवड्यात. तेणां तुझी सही मागली आणि मी फोन ठेयलंय."

म्हणजे माझा तो संशयही खरा होता. फक्त कारण मला माहीत नव्हतं.

दादा, एक गोष्ट मात्र मला अजून खुपतेय, ती लिहून टाकते. तू लहानपणापासून खोटं बोलण्यात पटाईत. बाबांना होडी कुठे आपटली ते कधी कळलं नाही. आणि मला फसवायला तू शेवग्याच्या झाडाचा जुना फोटो पाठवतोस? निखिलला गप्प बसायला सांगतोस, ज्याच्या पोटात तीळ भिजत नाही? एवढं कच्चं काम तुझं नव्हे. तू लपवलंस, की मी शोधून काढावं म्हणून अर्धं उघडं ठेवलंस? तोंडाने मागता येईना म्हणून? उत्तर देऊ नकोस. खरं सांगणार नाहीस आणि खोटं मला पुरे झालं.

चवथ घरीच केली. कुलूप काढलं, शेवंती आणि मी मिळून घर झाडलं, गणपतीवरच्या माटोळीला मिळतील ती फळं बांधली, अक्षयकाकांनी मूर्ती अर्ध्या वाटेतून वळवून इकडे आणली. तुझ्या जागी पूजेला तेच बसले. दीड दिवसाने विसर्जनाला नदीच्या तोंडाशी गेलो तेव्हा पाणी खवळलेलं होतं. काका कुठून उतरायचं ते बघत होते. मी त्यांना वाळूच्या दांड्याच्या डावीकडून नेलं. कुणी विचारलं नाही, मला कसं कळलं.

मी चाचण्यांना नाव दिलंय. तू नको म्हटलंस तरी दिलंय. आधी रिपोर्ट येऊ देत, मग भांड.

हर्षा


६ डिसेंबर
मोरजी

दादा,

तुला भेटायला सोडत नाहीत. वहिनीलासुद्धा काचेपलीकडून बघावं लागतं. मला घरी सोडून आता आठवडा होतोय. कुशीवर वळलं की टाके ओढतात. आई मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. मी जनेलाशी, खिडकीला लागून, खाट लावून पडलेली असते. समुद्र ऐकू येतो, दिसत नाही.

वहिनी म्हणाली, तू दोन गोष्टी विचारल्यास. दोन्हींची उत्तरं देते.

पहिली, बोटीची. हो, मी तुला खोटं लिहिलं होतं. उतरण्याआधीच मी कंपनीच्या डॉक्टरला विचारलं होतं की एक किडनी दिली तर काय. त्याने लगेच कळवलं: जिथे मदत पोचायला दिवस लागतात अशा पाण्यात एक किडनीवाल्या माणसाला पाठवत नाहीत. किनाऱ्याजवळची कामं मिळतील, बंदरांच्या आसपासची. बर्फातली नाहीत. मी ते वाचलं, पुसलं, आणि तुला लिहिलं, काही अडचण नाही. कॅप्टन हाल्वोरचा निरोप आलाय. उजवीकडचा पांढरा भाग पुढच्या उन्हाळ्यात दुसरी कुणी नॅव्हिगेटर करणार. तिने माझी मोजणी मागितलीय, मी सगळी पाठवली. पाठवून झाल्यावर आईला म्हटलं दार लाव, आणि पोटाला उशी धरून रडले. टाके दुखतात म्हणून मोठ्याने रडताही येईना. ती तुला हे सांगेल म्हणून मीच आधी सांगते. मला दुःख नाही असं मी म्हणणार नाही. आहे, आणि बराच काळ राहील. ते तुझ्या तोंडावर मारणार नाही एवढं मी आईला कबूल केलंय, आणि तुलाही करते.

दुसरी, समितीची. ऑपरेशनआधी इस्पितळाच्या समितीने आपल्या सगळ्यांना वेगवेगळं आत बोलावलं होतं. देणारा आपखुशीने देतोय की कुणी भरीला घातलंय, हे बघायचं त्यांचं काम. मला ती माणसं आवडली. कशावरच विश्वास ठेवत नव्हती.

मधे बसलेल्या बाईंनी विचारलं, "भावाशी तुमचं पटतं?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी चष्मा काढला. "मग का देताय?"

आत जाताना मी एक चांगलं उत्तर ठरवून गेले होते, ते विसरले. म्हटलं, "आमचं भांडण अजून संपलेलं नाही. त्याने मधेच असं जाऊन चालणार नाही."

बाजूचे डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत. "घरच्यांनी दबाव आणला?"

"उलट. कुणी सांगितलंच नाही. मला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून शोधून काढावं लागलं."

त्यांनी मला बाहेर बसवलं आणि आईला आत घेतलं. दार नीट लागलं नव्हतं, त्यामुळे आईचा आवाज बाहेर आला: "हिका कोण भरीक घालतलो? तां हिच्या बापाशीक जमला नाय." मग वहिनी गेली. मग तू, व्हीलचेअरवरून. तू खूप वेळ आत होतास. बाहेर आलास तेव्हा माझ्याकडे बघितलं नाहीस.

आणि मग त्यांनी मला परत आत बोलावलं. हे तुला माहीत नाही, दादा. तू तेव्हा वर वॉर्डात पोचला होतास.

बाई म्हणाल्या, "तुमचा भाऊ घ्यायला तयार नाही. तो म्हणतो, हिची किडनी काढली तर हिला बर्फाच्या समुद्रात परत घेणार नाहीत. म्हणतो, तो समुद्र हिचा आहे, तो हिला सोडायला लावू नका. आम्हाला हात जोडून सांगत होता. हे खरं आहे?"

तुला हे माहीत होतं! मी लपवलेलं तू कधीच शोधून काढलं होतंस, आणि मला एका शब्दाने न विचारता थेट त्यांच्याकडे गेलास. दोन वर्षं तू त्या समुद्राचं नावसुद्धा घेतलं नव्हतंस.

मी म्हटलं, "खरं आहे."

"तरीही देणार?"

"आधी द्यायची म्हणून देत होते," मी म्हटलं. "आता मला द्यायची आहे."

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी मान हलवली, आणि मला सही करायला सांगितलं. मी केली. तू माझ्या सहीची वाट बघत होतास ना, ती अशी झाली. तुझी दुसऱ्या दिवशी आईने वॉर्डात बसून करून घेतली.

काल मोठे डॉक्टर फोनवर म्हणाले, चांगली चालतेय, पहिल्या दिवसापासून लघवी सुरू झाली, रक्त साफ होत चाललंय. मी त्यांना नीट खोदून विचारलं, ते थोडे वैतागले. आई म्हणते, आता तू तांब्याभर पाणी एका दमात पिऊ शकतोस. प्यालास का?

घराचं तू परत आल्यावर बोलू. मोठ्याने बोलू. आता मला पळून जायला बोट नाही आणि तुला भिंतीकडे वळायला कारण नाही.

तोवर मी दुसऱ्याच गोष्टीचा शोध लावतेय. मी कंपनीच्या डॉक्टरला काय विचारलं ते तुला कुणी सांगितलं? वहिनी म्हणते, तिने नाही. निखिल शपथ घेतो. शेवंतीला मी ते बोललेच नव्हते. एकदाच रात्री स्वतःशी पुटपुटले होते, तेव्हा आई शेजारी झोपली होती. आईला विचारलं तर ती तांब्या घासायला मागच्या दारी गेली, घासलेला तांब्या.

हर्षा